कापून टाकलेला भाग

रविवारी सकाळी चहा झाला की मी मुलाची हरणं निवडायला बसतो. तांदूळ निवडावेत तसंच हे काम आहे, फक्त इथे खडे फार आणि तांदूळ थोडे.

मुलगा अमेरिकेत उत्तरेकडच्या एका थंड राज्यात नोकरी करतो आणि हौसेने हरणांची शिकार करतो. रीतसर परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, नेमून दिलेली तेवढीच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण इथे लखनौला आमच्या पार्कात हे ऐकलं की प्रत्येक जण आवाज खाली करून विचारतो, "भाईसाहब, पुलिस-वुलिस का चक्कर तो नहीं?" मग त्याला दोन फेऱ्या होईपर्यंत समजावत बसावं लागतं.

तिकडे शिकारी लोक जंगलातल्या झाडाला पट्ट्याने एक छोटा कॅमेरा बांधून ठेवतात. समोरून काही जिवंत गेलं की तो आपोआप जागा होतो, थोडं चित्रण करतो आणि पुन्हा झोपतो. कोणतं हरीण कुठून येतं, कधी येतं, हे त्यावरून कळतं. मुलगा दर पंधरवड्याला जाऊन कॅमेऱ्यातलं कार्ड बदलतो आणि जुन्या कार्डावरचं सगळं जसंच्या तसं मला पाठवतो. मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा हे काम त्यानेच माझ्या गळ्यात मारलं. "बाबा, आप दिनभर टीवी से लड़ते हैं, इससे अच्छा ये कर दीजिए." आता कोणी काढून घेतो म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन.

कार्डावर काय नसतं? वाऱ्याने हललेलं गवत, खारी, कोणाचं तरी चुकलेलं कुत्रं, पुन्हा गवत. त्यातून मी हरणं वेचतो, तुकडे जोडतो. चित्राखालची तारखेची आणि तापमानाची पट्टी कापतो, कारण मुलाची सक्त ताकीद आहे, जागेचा आणि वेळेचा मागमूस दुसऱ्या शिकाऱ्यांना लागता कामा नये. मूळ आवाज बंद करून बासरी लावतो. तयार झालेली फीत तो त्याच्या शिकारी मित्रांना दाखवतो, मी पार्कातल्या ग्रुपवर आणि भंडाऱ्याकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो. एका शिंगाला बाक असलेला एक नर आहे, त्याचे तर इथे चाहतेच झालेत. तो आठवडाभर दिसला नाही तर पार्कातले एक निवृत्त इंजिनिअर मलाच दोष देतात.

सगळ्यात आधी मी जे कापून टाकतो, ते म्हणजे खुद्द चिरंजीव. प्रत्येक कार्डाच्या सुरुवातीला आणि शेवटी ते असतातच. कॅमेरा चालू केल्यावर तो नीट टिपतो की नाही हे बघायला मुलगा हरणाच्या उंचीएवढा वाकून समोरून चालून दाखवतो. मग जवळ येऊन भिंगात डोकावतो. पडद्यावर नुसतं नाक, मग दाढी, मग अंगठा. कार्ड काढायला येतो तेव्हा आधी बूट, मग गुडघे, मग अंधार. असले तुकडे मी न बघताच फोनच्या कचरापेटीत टाकायचो. हरणं बघायला बसलेल्या माणसाला शिकाऱ्याचं नाक कशाला हवं?

शिकार आमच्या घराण्यात आहे, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगतो. खरं म्हणजे ती माझ्या वडिलांपर्यंतच होती. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाला लागून जंगल होतं. वडिलांकडे परवाना होता आणि एक ठासणीची बंदूक होती. लहानपणी मी त्यांच्यासोबत मचाणावर बसलो आहे. बंदुकीचा आवाज मला आता आठवत नाही. आठवतो तो वडिलांच्या अंगाचा, तंबाखू आणि घोंगडीचा मिळून येणारा वास, आणि पाय आखडला तरी हलायचं नाही हा धाक. चितळं पाण्यावर यायची तेव्हा वडील माझ्या गुडघ्यावर दोन बोटं ठेवायचे. बस, तेवढंच. घरी ते माझ्याशी फारसं बोलत नसत. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, ते तिथेच. पुढे शिकारबंदीचा कायदा आला, वडिलांनी बंदूक जमा केली आणि त्यानंतर जंगलाचं नावसुद्धा काढलं नाही. मला अजून ते मचाण हवंहवंसं वाटतं. लोक म्हणतात, जुनं ते सोनं. सोनं होतं की नाही माहीत नाही, पण वडील तिथे होते.

मी बदलीवर लखनौला आलो आणि इथलाच झालो. कानपूर रोडला सरोजिनी नगरात घर बांधलं, तेव्हा आमच्या गल्लीच्या पलीकडे नुसती शेतं होती आणि शेतांत नीलगायी. आमच्याकडे तिला रोही म्हणतात. रविवारी मी स्कूटर काढायचो, मुलगा पुढे उभा, बायको मागे, तिच्या मांडीवर डबा. मोहरीच्या शेताच्या कडेला स्कूटर बंद करायची आणि गप्प बसायचं. रोही बाहेर आली की पोरगा श्वास धरून बघायचा, इतका की चेहरा लाल व्हायचा आणि शेवटी बायको त्याच्या पाठीत हलकीशी थाप मारायची, "घे ना रे श्वास, मरशील!" शाळेत त्याने निबंधात ‘रोही’ लिहिलं आणि बाईंनी ते खोडलं, तेव्हा बायको शाळेत भांडायला गेली होती. ती शेतं आता गेली. तिथे फ्लॅट आहेत, खाली मोमोजची गाडी उभी असते. कधी तिथून जाताना मी उगाच वेग कमी करतो.

तर अशी ही माझी बायको आणि असा हा तिचा मुलगा. आणि दोघं बोलत नव्हते.

कारण हरीण. पण तुम्हाला वाटतं तसं नाही. तो हरीण मारतो याचा तिला राग नव्हता. तिचं माहेर गोंदियाकडचं, रस्सा कशाचा आहे यावरून ती माणसं जोखत नाही. झालं असं की त्या वर्षी तो दिवाळीला येणार होता. तिने अनारशाचं पीठ करून ठेवलं होतं, त्याच्या खोलीतल्या गादीला ऊन दाखवलं होतं. आणि त्याचा फोन आला. दिवाळी आणि शिकारीचा हंगाम एकाच आठवड्यात येत होते. कितीतरी वर्षं मागे लागल्यावर एका शेतकऱ्याने त्याला आपल्या रानात बसायची परवानगी दिली होती. खोटं बोलला असता, ऑफिसचं काम आहे म्हणाला असता, तर निभावलं असतं. पण आमचं लेकरू सरळ. त्याने खरं ते सांगितलं.

"हरणापायी?" ती म्हणाली. "मायची दिवाळी हरणापायी?" आणि फोन माझ्या हातात दिला.

त्यानंतर वर्ष उलटलं. तो दर रविवारी फोन करायचा, मी स्पीकर लावायचो, ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसायची. "तब्येत बरी आहे म्हणावं," एवढंच तिकडून यायचं, तेही मला उद्देशून. मी खूप समजावलं. एकदा चिडून म्हणालो, "तू हट्टाने मरशील." ती म्हणाली, "मरीन." माझ्या जोडलेल्या फितीही ती बघायची नाही. पार्कातला सगळा गोतावळा माझी वाहवा करतो आणि घरात ही मान फिरवते, हे मला फार लागायचं.

यंदाच्या थंडीत एका दुपारी गल्लीत सब्जीवाला आला म्हणून मी पिशवी घेऊन बाहेर गेलो. फोन चार्जिंगला लावून ठेवला होता. परत आलो तर आतून मुलाचा आवाज. "चल भाई, चालू हो जा." मी दारातच थबकलो. बोलतायत! माझा आनंद गगनात मावेना. चपला हळूच काढल्या, पिशवीचाही आवाज होऊ दिला नाही, आणि ती काय बोलते ते ऐकायला कान देऊन उभा राहिलो.

ती काही बोलली नाही. पुन्हा मुलगाच म्हणाला, "चल भाई, चालू हो जा." अगदी तसंच. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

मी आत डोकावलो. ती पलंगावर बसून, चष्मा लावून, माझ्या फोनच्या कचरापेटीतले तुकडे बघत होती. वाकून चालणारा मुलगा. नाक. दाढी. अंगठा. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

मला बघून ती दचकली नाही. उलट माझ्यावरच आली.

"हे काहून कापता तुम्ही?"

"अगं, ते कामाचं नसतं."

"कामाचं नसतं!" तिने फोन माझ्यासमोर धरला. "ऐका. खोकून राहिला. तुम्ही बासरी लावून देता, मग खोकला कसा ऐकू येईल? दाढी पाहा, पांढरी होऊन राहिली. कोट तोच आहे, बाही उसवली."

मी बघितलं. बाही खरंच उसवली होती. कितीतरी महिने तो माझ्या बोटांखालून गेला होता आणि मला हरणाच्या शिंगाचा बाक पाठ होता.

"केव्हापासून बघतेस?"

"मागच्या थंडीपासून." तिने चष्मा काढून पुसला. "कचऱ्यातलं महिन्याने आपोआप पुसलं जाते. त्याच्या आधी पाहून घेते."

मला तिचा राग यायला हवा होता. एवढं होतं तर फोनवर बोलली का नाही? पण मी भाजीची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात निघून गेलो. माणूस इतका जवळ राहून इतका कमी कळतो, याचं वाईटही वाटलं आणि हसूही आलं.

पुढच्या रविवारी मुलाचा फोन आला. मी नेहमीसारखा स्पीकर लावला, त्याला इकडच्या धुक्याचं सांगितलं, त्याने तिकडच्या बर्फाचं. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. ती पदराला हात पुसत आली आणि तिने माझ्यापुढे हात केला. मी फोन दिला.

"हे पाह्य," ती म्हणाली. "त्या कॅमेऱ्यासमोरून जरा हळू चालत जा. पटकन निघून जातो तू."

पोरगा लखनौत वाढलेला, आईलाही ‘आप’ म्हणतो. त्याने विचारलं, "आई... आप भी देखती हैं? हिरन?"

"हरणं नाही पाहत मी," ती म्हणाली.