भावोजींचं लाल पेन
शहाणपणाचा मक्ता आमच्या भावोजींकडेच. शाळेत भाषेची वाट लागते म्हणून त्यांनी मुलीला घरीच शिकवायला घेतलं. एकदा भाचीनं लिहिलं, ‘मांजरीचं पिल्लू माझ्या बुटात झोपलं, म्हणून मी अनवाणीच खेळायला गेले.’ मला ते फार आवडलं. भावोजींनी मात्र लाल पेनानं पिल्लू खोडलं, बूट खोडला आणि वर लिहिलं, ‘मांजर हा एक अत्यंत उपयुक्त पाळीव प्राणी आहे.’

“बाबा, आता यात माझं काय राहिलं?” तिनं विचारलं.

“खाली नाव आहे ना तुझं!”

तिनं त्यांच्याच पेनानं तेही खोडलं. तेव्हापासून ती त्यांच्यासमोर एक ओळसुद्धा लिहीत नाही. आणि भावोजी येईल त्याला तोंड वर करून सांगतात, हल्लीच्या मुलांना भाषेची गोडीच नाही.