होय म्हणणाऱ्याने पुढे यावे

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीच्या वर्षी, होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, मालवणच्या भरल्या बाजारात रुक्मिणकाकीवर अन्याय झाला. एक गुलाबी पत्रक हातोहात फिरले : ‘असे समजते की, मासळी विकणाऱ्या रुक्मिणीच्या विहिरीतून साथ पसरली.’ कोणाला समजते, कोणी छापले, पत्ता नाही. दुपारपर्यंत तिच्या टोपलीतल्या बांगडा मासळीला गिऱ्हाईक उरले नाही आणि संध्याकाळी कुणीतरी तिच्या विहिरीत काटेरी फांद्या टाकल्या.

साथीच्या दिवसांत लिहावे कसे, हे अख्ख्या कोकणात एकट्या माझ्या थोरल्या मामांना कळत होते. या वाक्यावरही त्यांनी “अख्खो कोकण कधी फिरलस रे तू?” म्हणून काट मारली असती. मामांचा छापखाना म्हणजे पायाने चालवायचे एक यंत्र आणि त्याहून जास्त खडखडणारे मामा. लग्नपत्रिकेत ‘आप्तेष्टांच्या आग्रहास्तव’ आले की विचारायचे, “खंयच्या आप्तेष्टाचो आग्रह? नाव घाल.” एका वरबापाने भाबडेपणाने मेहुण्याचे नाव घातले, मेहुणा म्हणाला, मी कसला आग्रह केला नाही, आणि मांडवात हातघाई झाली. देवगडच्या एका व्यापाऱ्याला पेट्यांवर ‘सर्वोत्तम हापूस’ छापून हवे होते. मामांनी आधी आंबे मागवले, मन लावून खाल्ले आणि ‘छापखान्याच्या मालकाच्या मते बरा’ असे छापून दिले.

अशा माणसाकडे मी त्या पत्रकाला लिहिलेले माझे जळजळीत उत्तर घेऊन धावलो. मामा गावच्या देवळात गाऱ्हाणे घालायचे. आमच्याकडे एकजण देवापुढे बोलतो आणि वाक्यावाक्याला जमाव ‘होय म्हाराजा’ म्हणतो. पटकी आल्यापासून हीच रीत त्यांनी छापखान्याच्या पायरीवर आणली होती. जमलेल्या लोकांपुढे मजकूर मोठ्याने वाचायचा. ज्याने स्वतः पाहिले असेल त्यानेच ‘होय’ म्हणायचे. ‘होय’ आले नाही तर वाक्य कापायचे.

“पाणी उकळून प्यावे, असे सरकारी दवाखान्याचे डॉक्टर सांगतात,” मी वाचले.

“होय म्हाराजा!” दवाखान्याचा कंपाउंडर ओरडला.

“अधिकारी झोपले आहेत.”

मामांनी काट मारायला पेन्सिल उचलली.

“खंय निजलेले बघलस?” मामांनी विचारले.

“मामा, ही बोलायची रीत झाली!”

“मगे बोल. छापू नको. बोललेला वाऱ्यार जाता, छापलेला रवता.”

‘रुक्मिणकाकीची विहीर निर्मळ आहे’ हेही त्यांनी कापले. मी भडकलो. मामा म्हणाले, “पाणी तपासूक गेलाहा. उत्तर येवंदे. तोवर वर लिही, ‘आज सकाळपर्यंतची माहिती’. आणि आजाऱ्याचा नाव खंयच घालू नको. औषधाचा घाल.”

पुढच्या सोमवारी मामा स्वतः बाजारात उभे राहिले आणि ते गुलाबी पत्रक थेट गाऱ्हाण्याच्या सुरात वाचू लागले. “बा देवा म्हाराजा, ह्या रुक्मिणीच्या विहिरीतसून साथ इली...”

“होय म्हाराजा!” सगळा बाजार गरजला.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. “कोण बोललो? फुडे ये. कोणी बघल्यान?”

नारळवाला चाचरला. “मी... सवयीन म्हटलंय, मामानू.”

“आणि तू गो?” मामांनी त्याच्या शेजारच्या बाईला विचारले.

“ह्यांनी म्हटल्यानी म्हणान.”

बाजार हसला, मग ओशाळला. साथीसारखीच बातमी कशी पसरते, हे मी त्या दिवशी शिकलो. छापखान्यात पाहिलेल्या एवढ्या पत्रकांनी मला ते शिकवले नव्हते.

तपासणीचे उत्तर आले : विहीर निर्दोष. तपासणाऱ्याच्या नावासह मामांनी ते छापले आणि बाजारात वाचले. मागून एक बारीक आवाज आला, “होय म्हाराजा.” रुक्मिणकाकी होती. तिने प्रयोगशाळा कुठे पाहिली होती? पण “बघलस?” असे मामांनी विचारले नाही. आयुष्यात तेवढे एकदाच.

आता मामांचा आवाज बसला आहे. गाऱ्हाणे दुसरेच कोणी घालते. मामा पायरीवर बसून ऐकतात आणि प्रत्येक वाक्याला ओठ हलवून ‘कोणी बघल्यान?’ विचारतात. त्या पायरीचा भाचा असल्याचा मला ताठा आहे, तो मी लपवत नाही. पण काही घरे अजून रुक्मिणकाकीची टोपली टाळून पुढे जातात. त्या घरांतले कोणी हे वाचत असाल, तर येत्या सोमवारी बाजारात जा, तिच्याकडून बांगडे घ्या आणि ‘मी न बघता होय म्हटले होते’ असे स्वतःच्या नावानिशी तिला तोंडावर सांगा.