नातालमावशीचा काळा डबा

नातालमावशी लग्नाची पत्रिका कधी हातात घेत नसे. "कागद फादरला दे. माला तारीक सांग, डबा पुसाया घेते," म्हणायची.

डबा जपानी. तिचे आजोबा बोटीवर खलाशी होते, त्यांनी आणलेला. काळीभोर लाख आणि तिच्यात शिंपल्याच्या चकत्या बसवून केलेले पक्षी. उजेडात धरला की पक्षी हिरवे-गुलाबी व्हायचे. वसईजवळच्या आमच्या गावात नवऱ्यामुलाकडचं सोनं याच डब्यातून नवरीच्या घरी जायचं, आणि तो नेणार मावशीच. बँडच्या मागे, सगळ्या वऱ्हाडाच्या पुढे. बिनलग्नाच्या बाईला एरवी त्या जागी कोणी उभं केलं नसतं. एखादी चकती निखळली तर ती खाडीवरचा शिंपला घासून फणसाच्या चिकाने चिकटवायची. "वस्तू हाय, झिजनारच. आपुन नाय झिजत?"

अठ्ठ्याहत्तर साली मी बी.ए. झालो. घरातला पहिला. त्याचा अभिमान होता, आजही आहे. मुंबईच्या एका संग्रहालयात तसाच डबा काचेआड पाहिला आणि गावात येऊन चारचौघांत सांगितलं, "मावशी, शंभर वर्षांपूर्वीची कारागिरी आहे ही. घामाच्या हातांनी मिरवायची वस्तू नाही. कुलपात ठेव."

ती डब्याकडे बघत राहिली. "तू शिकलेला. तू म्हनतोस तं असंल."

मे महिन्यात शेजारचा पास्कू मुलाच्या लग्नासाठी डबा मागायला आला. मावशी नाही म्हणाली.

"अख्ख्या गावाला दिला, माझ्याच पोराला नाय?"

"आंद्रूनं सांगितलंय. बी.ए. हाय तो."

"मंग बी.ए.लाच ने बँडमागं मिरवत!"

पास्कूने माणिकपूरहून लाल मखमलीची पेटी आणली. पुढे सगळ्या लग्नांत तीच फिरली. मावशीला तारीख सांगायला कोणी येईना. पत्रिका तेवढी दाराच्या फटीतून आत पडायची. ती लग्नांना जायचीच बंद झाली. मी विचारलं, तर म्हणाली, "जाऊन उभी कुठं राहू?"

चार वर्षांनी माझं लग्न ठरलं. मी तिचे हात धरले. "चुकलो मावशी. माझं सोनं तूच ने." तिने लगेच कपाटाची किल्ली काढली.

लग्नाच्या आदल्या दुपारी ती नवं लुगडं नेसून, डबा छातीशी धरून आमच्या मांडवात आली. बँडवाला नवा, विरारचा. तो म्हणाला, "आजी, जरा बाजूला. सोनंवाल्या बाईला पुढे येऊ द्या." माझ्या वहिनीने सोनं केव्हाच मखमली पेटीत भरलं होतं. घरात सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

मावशीने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रिकामा डबा कशाला नेऊ रे?" म्हणाली आणि वळली.

त्याच पावसाळ्यात ती वारली. त्या दुपारी ती मांडवाबाहेर पडेपर्यंत मला हाक मारता आली असती. फोटोवाला म्हणाला, "नवरदेव, इकडे बघा." मी तिकडे बघितलं.