तेलात उभा राहिलेला धागा

ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे तेलमावशी म्हणत. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तेल असते. ते तेल विजेला अडवून धरते, आणि अडवेनासे झाले की पोटातच आग होते. तेलात अजून किती दम उरला आहे, एवढे खरे खरे सांगणे हाच मावशीचा धर्म. एकतीस वर्षे तिने तो निष्ठेने पाळला होता.

तिच्या खोलीला खिडकी होती आणि खिडकीला काळा पडदा होता. तेल पाहायचे तर उजेड एकाच बाजूने यावा लागतो. काचेच्या भांड्यात समोरासमोर दोन पितळी बोंडे, मध्ये अडीच मिलिमीटरची फट. नमुना ओतायचा, बुडबुडे वर येईपर्यंत पाच मिनिटे हात जोडल्यासारखे स्वस्थ बसायचे, मग ठिणगी पडेपर्यंत विजेचा दाब चढवायचा. असे सहा वेळा. नव्या माणसाला ती एकच वाक्य शिकवी, "तेलाचं भांडं तेलानंच धुवायचं. फडकं लावलंत तर हात तोडीन."

त्या आठवड्यात काम एकच होते. रुग्णालयात चालू असलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून रोज काढून आणलेले तेल. तीस किलोव्होल्टच्या वर टिकायला हवे. सोमवारी ते बाविसाला फुटले, मंगळवारी एकोणिसाला.

आणि मावशीला त्या तेलात कोणीतरी दिसू लागले.

आधी काहीच नसे. दाब चढू लागला की तळाशी निजलेला एखादा बारीक धागा दचकून जागा होई. हलके हलके उभा राही. मग दुसरा येई, पहिल्याच्या टोकाला टोक लावी, तिसरा दुसऱ्याचे बोट धरी, आणि या बोंडापासून त्या बोंडाकडे माणसे हात धरून निघावीत तशी रांग लागे. वीज सेकंदाला शंभर वेळा उलटते. आत्ता इकडे, आत्ता तिकडे. तरी धागा उलटत नाही, डगमगत नाही, उभाच राहतो. ओढ खरी असली की तिला दिशा पुसावी लागत नाही, हे मावशीला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. तिने ते रोज डोळ्यांनी पाहिले होते.

पण हा धागा डावीकडे किंचित वाकून उभा राही. दोन वर्षांपूर्वी गेलेले तिचे यजमान अगदी तसेच उभे राहत. धागा फट ओलांडून पोहोचला की निळा लखलखाट होई, आणि सगळे विझे.

मावशी दाब पुन्हा शून्यावर आणी. का कोण जाणे, तिला पुन्हा पाहावेसे वाटे.

"मावशी, कोणाशी बोलताय?" शेजारच्या खोलीत तारांची वेटोळी गुंडाळणाऱ्या कॉइलवाल्याने बुधवारी दारातून विचारले. "तेल उत्तर द्यायला लागलं की काय?"

"उत्तर नाही देत रे मेल्या. बघतं."

तो हसला. मग हसता हसता थांबला, आणि दार लोटून घेऊन निघून गेला.

दुपारी दोनला साहेब आले. कागद पुढे केला. "सतरा ना आज? सही करा, मावशी. चारला त्यांची लाइन बंद करतोय. तेल उपसावंच लागणार."

"रुग्णालयात कळवलं?"

"कळवलं. नऊ पेशंट श्वासाच्या मशीनवर आहेत. दुसरीकडे हलवताहेत. डॉक्टर म्हणतात, दोघांचं काही सांगता येत नाही. पण तेलच नापास म्हटल्यावर इलाज काय? तुमच्या आकड्यावर तर सगळं चाललंय."

मावशीचे पेन कागदावर टेकले आणि तिथेच थिजले. "एकदा बघू द्या," ती म्हणाली.

तिने दाब चढवला. धागा उठला. डावीकडे वाकला. हात पसरून पलीकडे निघाला. या खेपेस मात्र तिने त्याला पोहोचू दिले नाही. वीज तोडली, चिमटा घातला, त्याला अलगद उचलून पांढऱ्या कागदावर निजवले, आणि पडदा सारला.

ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तारांना गुंडाळलेल्या कागदाचा तंतू तपकिरी असतो. हा निळा होता. फिकट, धुऊन धुऊन विटलेला निळा.

हा निळा रंग तिने सत्तावीस वर्षे स्वतःच्या हाताने वाळत घातला होता.

गेल्या रविवारी सुनेने कपाट आवरताना विचारले होते, "आई, बाबांचा हा सदरा पार विरलाय. पोतेऱ्याला काढू?" पोतेऱ्याला! त्यांचा सदरा पायाखाली? मावशीने तो हिसकावूनच घेतला होता. घरात जपून ठेवण्याजोगी जागा सापडेना, म्हणून इथे आणला. आणि जगात तिला जे सर्वांत पवित्र वाटे ते काचेचे भांडे ती त्याने पुसू लागली. तिच्या लेखी ते फडके नव्हतेच. रोज धुई, रोज ओलसरच परत आणी. ओला धागा तर विजेला अधिकच भुलतो.

"साहेब," ती म्हणाली, "खोट तेलात नाही. माझ्यात आहे. मी फडकं लावलं."

"तुम्ही?"

"मी."

कॉइलवाला दारात येऊन उभा होता. साहेबांनी एकदा त्या सदऱ्याकडे पाहिले, एकदा मावशीच्या चेहऱ्याकडे, आणि फोन उचलला. "पेशंट हलवू नका. अर्धा तास थांबा. का ते मागाहून सांगतो."

मावशीने भांडे तेलाने धुतले. एकदा, दोनदा, तीनदा. रुग्णालयाचे तेल नव्याने ओतले, पडदा ओढला. पाच मिनिटे बुडबुडे वर येऊ दिले.

मग आकडा चढू लागला. सतरा गेले. बावीस गेले. तीस मागे पडले. साहेब तिच्या खांद्यावरून वाकले.

"काही दिसतंय का, मावशी?"

"कोणी नाही."

चौपन्नाला ठिणगी पडली. साहेब फोन घेऊन बाहेर धावले. बाहेर त्यांचा आवाज ऐकू आला, "तेल चांगलं आहे हो! चांगलं आहे!" आणि फोनच्या स्पीकरवरून कोणीतरी मोठ्याने हसल्याचा, की रडल्याचा आवाज आला.

पाच वेळा अजून बाकी होत्या. नियम तो नियम. मावशीने तेल हलकेच ढवळले, ते स्थिरावू दिले आणि बटण दाबले. स्वच्छ, सोनेरी, रिकाम्या तेलाकडे पाहत ती एकेक आकडा मोठ्याने म्हणू लागली, आणि कॉइलवाला, कोणी सांगितले नव्हते तरी, शेजारी बसून लिहून घेऊ लागला.