डाव्या हातानं वाढलेलं ताट

भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर हसत आलेय. आम्ही ख्रिस्ती. प्रार्थनेवर माझा पूर्ण विश्वास, पण ‘मला अमुक दिसलं, तमुक दिसलं’ म्हणणाऱ्यांवर अजिबात नाही. आमचे पाळकसाहेब मला चेष्टेनं ‘चौकशी अधिकारी’ म्हणतात. तेव्हा ‘बाईला भास झाला असेल’ असं म्हणू नका. भास व्हायला मी तिथं असायला तरी हवं होतं!

आम्ही बारामतीला लागून जळोचीत राहतो. पूर्वी मिस्टरांच्या कंपनीमुळं लोणी देवकरला होतो, आणि तिथलं छोटं चर्च अजून सुटलेलं नाही. पत्र्याचा हॉल, तीस-पस्तीस माणसं. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर सगळे एकत्र जेवतात. त्यात आमची एक पद्धत — पहिलं ताट आपल्यातलं कुणी खायचं नाही. जिची स्वयंपाकाची पाळी, तिनं ते रस्त्यावर नेऊन पहिल्या भेटेल त्या अनोळखी माणसाला द्यायचं. जात-धर्म विचारायचा नाही, उपदेश करायचा नाही. ‘देवाच्या नावानं जेवा’ इतकंच म्हणायचं.

त्या रविवारी पाळी माझी होती. सकाळी शिऱ्याचं पातेलं उतरवताना उजवं मनगट चांगलंच भाजलं. मलम लावून वर रुमाल बांधला. मिस्टर शिफ्ट संपवून कंपनीतून थेट चर्चला येणार होते, म्हणून पातेली व्हॅनमध्ये ठेवून मी एकटीच निघाले. दहाला गायन मलाच सुरू करायचं होतं.

सव्वानऊच्या सुमाराला, इंदापूरच्या रस्त्यावर एका फाट्याशी एक आबा दिसले. लाल मुंडासं, धोतर, हातात पिशवी. त्यांनी हात केला, पण उभ्या उभ्याच झोकांड्या जात होत्या. मला वाटलं, सकाळी सकाळीच घेतलेली दिसते! गाडी हळू केली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं... आणि मी सरळ पुढं गेले. उशीर होईल हेच डोक्यात. अनोळखी माणसाला जेवू घालायची इतकी घाई, की अनोळखी माणूसच मागं टाकला.

दहा ते साडेदहा मी माइक धरून गात होते. त्याचा व्हिडिओ आहे, वेळेसकट. बारा वाजता मी स्वतः ताटांचं कपाट उघडलं. किल्ली माझ्या पर्सशिवाय कुठंच नसते. पहिलं ताट घेऊन रस्त्यावर गेले तर उन्हात चिटपाखरू नाही. वीस मिनिटं उभी राहिले. शेवटी ते ताट मीच खाल्लं, पण घास काही गोड लागला नाही. नंतर ताटं घासून मोजली तर चाळीसात एक कमी. प्रत्येक ताटाच्या मागं नंबर कोरलेला असतो, त्यातलं सतरा नंबरचं नव्हतं. बायकांवर मी उगीचच चिडले.

पुढच्या रविवारी उपासना संपता संपता तेच आबा हॉलच्या दारात. सोबत त्यांची मुलगी, आणि तिच्या हातात घासूनपुसून लख्ख केलेलं स्टीलचं ताट. मागं आमच्या महिला मंडळाचं नाव आणि गाव कोरलेलं, खाली सतरा.

“ह्याच त्या ताई,” आबा मला बघून म्हणाले.

मुलगीच सगळं सांगू लागली. “आबा कऱ्हाटीवरनं माझ्याकडं यायला निघालेलं. शुगरची गोळी घेतली आन् काय न खाताच यष्टीत बसलं. फाट्यावर उतरलं तवा हातपाय कापाया लागलं. मी सव्वादहाला फोन केला, तर म्हणलं, एक ताई शिरा खायला घालत्यात. डॉक्टर म्हणलं, तवा पोटात गोड गेलं नसतं तर आबा हाती लागलं नसतं.”

सव्वादहा! तिनं मोबाइलमध्ये कॉल दाखवला. मी माझा व्हिडिओ लावला. सव्वादहाला मी हिरव्या साडीत गातेय, मनगटावर रुमाल. आबांनी व्हिडिओ बघितला आणि मान हलवली. “हीच साडी. हाच रुमाल.”

“आबा, तुमची गल्लत होतेय,” मी म्हणाले.

“गल्लत कशी हुईल? तुमी डाव्या हातानं वाढलं. म्हणालात, ‘आबा, उजवा हात भाजलाय, डाव्या हातानं देते, रागवू नका. देवाच्या नावानं जेवा.’”

मिस्टर माझ्याकडं बघत होते, पाळकसाहेब बघत होते. ‘असेल देवाची करणी’ म्हणून तिथंच सोडलं असतं, तर कुणी पुढं काही विचारलं नसतं. पण आबांच्या तोंडाकडं बघून मला ते जमेना. सगळ्यांसमोर रडत बोलले...

“आबा, ती मी नव्हते. मी तुम्हाला बघितलं. तुम्ही प्यायलेले आहात असं वाटलं मला. मी थांबले नाही, सरळ निघून गेले.”

आबा अगदी शांत होते. “व्हय की. गेला व्हता. म्या बघितलं न्हाय व्हय? गाडी दिसंनाशी झाली, म्हणलं आता काय आपुन वाचत न्हाय. मग बऱ्याच येळानं तुमी माघारी आलात.”

मी नाही आले माघारी. हे मी कुठंही, कुणाच्याही समोर ठामपणे सांगेन. कुलूपबंद कपाटातलं ताट त्या फाट्यावर कसं गेलं? माझं रूप कुणी घेतलं?

आता रस्त्यात कुणी हात केला की मी गाडी थांबवते. चर्चला उशीर होतो, गायन दुसरं कुणीतरी सुरू करतं, होऊ दे. त्या दिवशी माझं तोंड घेऊन जे कुणी माघारी फिरलं, त्याला माझ्याऐवजी पुन्हा यावं लागता कामा नये.