शांततेचं मशीन आणि आमचे साडूभाऊ

जगात शांतता नांदावी म्हणून आजवर जे कोणी झटले, त्यांपैकी एकानेही शेजाऱ्यांना आमच्या साडूभाऊंइतका ताप दिला नसेल. तिरोड्याजवळच्या खेड्यात त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, निवृत्त होताच ध्यानाला बसले, आणि दोन्ही विषय एका डोक्यात मावेनात म्हणून लोकांच्या घरी सांडू लागले. ते डास मारत नाहीत. "ऊर्जा नष्ट होत नाही, आत्माही नष्ट होत नाही. मारून फायदा काय? तोच परत येईल," हे ते मला पटवत असतात, तेव्हा मागे मेहुणीबाई विजेची बॅट घेऊन एकेक आत्मा पटापट मोकळा करत असतात.

गावात भांडण पेटलं की साडूभाऊ बीपीचं मशीन घेऊन हजर. "काऊन भांडून राहिले? पहिले हात आना!" ज्याचा आकडा मोठा त्याने डोळे मिटायचे, श्वास मोजायचा आणि समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकायचं, हा त्यांचा नियम. मशीन म्हणजे विज्ञान, श्वास म्हणजे अध्यात्म. एकदा वाळत घातलेलं धान कोंबडीने टिपलं म्हणून दोन बाया हमरीतुमरीवर आल्या. यांनी एकीच्या दंडाला पट्टा बांधला, तेवढ्यात कोंबडी पुन्हा धानावर. "सोडा ना मास्तर!" म्हणत दोघी मिळून कोंबडीमागे धावल्या. प्रयोग यशस्वी झाल्याचं साडूभाऊंनी मला फोनवर कळवलं.

हा नियम साऱ्या गावाला लागू होता, फक्त सख्ख्या धाकट्या भावाला नव्हता. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोघांचं पाच वर्षं बोलणं बंद. मेहुणीबाई विनवून थकल्या. "त्याची मनोभूमी अजून तयार नाही," एवढंच यांचं उत्तर. यंदा रोवणीच्या दिवसांत पाणी कोणी वळवलं यावरून भाऊ फावडं घेऊनच धुऱ्यावर आला. मी तिथेच होतो, आणि खरं सांगतो, घाबरलो होतो. साडूभाऊंनी सवयीने पिशवीतून मशीन काढलं. भावाने फावडं खाली टाकलं आणि मुकाट्याने हात पुढे केला. आकडा आला. मग तो म्हणाला, "आता तुहा आन, दादा."

दादांचा आकडा मोठा निघाला. "सेल उतरले असतील," ते पुटपुटले. "गप्प बस. नियम तुहाच आहे." साडूभाऊ धुऱ्यावर बसले, डोळे मिटले. भाऊ तासभर बोलला, त्यात पाणी आणि धुरा जेमतेम आले. "बाबाच्या तेरवीले तू घंटाभर भासन ठोकलं. मले एक सबद बोलू देल्ला नाही. माहा बाप नव्हता का तो?" साडूभाऊंना डोळे पुसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि माझी थट्टा माझ्याजवळच राहिली.

मशीन आता भावाकडेच असतं. साडूभाऊ रोज सकाळी तिकडे जातात, आपलाच आकडा मोठा आल्याचं सांगतात आणि ऐकत बसतात. मला त्यांच्या तब्येतीची काळजी नाही. वडील असताना ही सवय लागली असती तर बरं झालं असतं, एवढंच मनात येतं.