तपासनीस सर आणि रविवारच्या तिसऱ्या

संशोधनाचा पेपर तपासायला आला की तपासनीस सर मासे बंद करायचे. मालवणात राहून, ऐन सुरमईच्या दिवसांत. श्रावण पाळणाऱ्यांना निदान तो कधी सुटणार हे ठाऊक असतं. सरांचा उपास पेपराचा निर्णय लागेपर्यंत चालायचा. कारण साधं होतं. त्यांना मासे देणाऱ्या शेवंतीकाकूंचा भाचा दुसऱ्या एका कॉलेजात शिकवायचा, आणि पेपरावर लेखकाचं नाव नसल्यामुळे तो त्या भाच्याचा नसेलच असं सांगता येत नव्हतं.

"सर, घेवा ही सुरमई. आत्ताच होडयेतसून इली हा."

"नको. पेपर इलो आसा."

"कोणाचो?"

"तां माकाच म्हायत नाय."

"माझ्या भाच्याचो आसलो तर फुकट घेवा."

"म्हणानच नको."

"मगे नापास करा त्येका, आणि मासो घेवा!" शेवंतीकाकू म्हणायच्या, आणि सर डाळ-भात जेवायला घरी जायचे. बाजारात त्यांना तपासनीस हे नाव पडलं ते यामुळेच.

सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि मी त्याच विभागात त्यांच्या हाताखाली. तरुणपणी त्यांनी कालवाच्या, म्हणजे शिंपल्यातल्या प्राण्याच्या, हृदयाच्या ठोक्यांवर एक छोटं टिपण छापलं होतं. त्यावरून एके दिवशी त्यांना ईमेल आलं की, 'हृदयविकाराच्या क्षेत्रातील आपल्या थोर कार्याबद्दल' एका आंतरराष्ट्रीय संशोधनपत्रिकेने त्यांना मुख्य संपादक नेमलं आहे. पत्रिका कसली, तर एका शहरातल्या खोलीत बसून एक तरुण चालवत असलेली वेबसाइट. पैसे भरा, पेपर छापा. त्याला हवं होतं एका प्राध्यापकाचं नाव आणि फोटो. आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. "नेमणूक झाली हा," ते म्हणाले, आणि कामाला लागले.

त्यांनी येणारा प्रत्येक पेपर मागवून घेतला आणि जवळजवळ प्रत्येक परत केला. एका पेपरात आमच्याच खाडीच्या पाण्याचं तापमान बर्फाच्या जवळपास दिलं होतं. तो उघडच कुठल्यातरी डोंगरी नदीवरच्या पेपराची नक्कल होता. पण सर तसं गृहीत धरायला तयार नव्हते. ते थर्मामीटर घेऊन आठवडाभर खाडीत गुडघाभर पाण्यात उभे राहिले.

"सर, खंय काय पडला काय?" होडीवरून लोक विचारायचे.

"पडला नाय. पाण्याचां तापमान पडलां असां एकान लिवलेला हा, तां बघतंय."

वेबसाइटवाला तरुण फोनवर रडकुंडीला यायचा. "सर, तुम्ही एडिटर आहात, तुम्ही एडिट कशाला करता?" हा प्रश्न मी स्वतः स्पीकरवर ऐकला आहे.

सर दोन भाषांतून बोलायचे. एरवी मालवणी, पण संपादक झाले की त्याच खुर्चीत, त्याच चहाच्या कपासकट, शुद्ध मराठी. "गो बाय, बस मगो," असं म्हणून झालं की घसा खाकरत, "मॅडम, आता संपादक म्हणून बोलतो." कुठे कोण संपलं आणि कोण सुरू झालं हे समोरच्याला लख्ख कळायचं.

माझी पदोन्नती अडली होती ती एका छापील पेपरापायी. मुलाखत दोन महिन्यांवर होती, जागा एकच, आणि पुन्हा कधी निघेल याचा भरवसा नव्हता. चांगल्या पत्रिकांना वर्ष-दीड वर्ष लागतं. माझा पेपर तयार होता: आमच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या खायच्या शिंपल्या, दोन वर्षांत निम्म्यावर आल्या, असा. सर संपादक आहेत म्हणून नव्हे, लवकर छापतात म्हणून मी तो त्या वेबसाइटला पाठवला. कुकर लावला, आणि शिट्ट्या व्हायच्या आत त्या तरुणाकडून परस्पर स्वीकृती आली. सोबत दोन समीक्षकांचे अभिप्राय. पहिला: 'अतिशय सुंदर पेपर.' दुसरा: 'अतिशय सुंदर पेपर, अभिनंदन.' दुसऱ्याखाली सरांचं नाव होतं.

मी ते दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"ह्यां मी खंय लिवलंय?" मग घसा खाकरला. "मॅडम, हा पेपर मी वाचलेला नाही. तरीही तो मला अतिशय सुंदर वाटलेला आहे. हे बरोबर नाही."

स्वीकृती त्यांनी तिथल्या तिथे रद्द केली. म्हणाले, रीतसर समीक्षण होईल; मी स्वतः करणार नाही, कारण आपण एका विभागात आहोत; तुमच्याशी कसलाही हितसंबंध नसलेला माणूस शोधतो.

आता, सिंधुदुर्गात माझ्याशी संबंध नसलेला माणूस शोधायचा म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको. सर आधी फोंडाघाटला गेले. तिथल्या एका निवृत्त प्राध्यापकांसाठी पाकिटात माझा पेपर, त्यातलं माझं नाव कात्रीने कापलेलं. चहा घेऊन आलेल्या सुनेने सहज विचारलं, "मालवणचे का? आमची मावशी तिथेच दिलीय." सरांनी मावशीचं सासर विचारलं. ती माझी जाऊ निघाली. सर पाकीट न उघडता परतले.

"चहा तरी प्यालात?" मी चिडून विचारलं.

"अर्धो. संबंध कळायच्या आधीचो."

मग नांदगाव. तिथल्या गृहस्थांचं आमच्या कुळाशी सात पिढ्यांत काही नव्हतं. पण बोलता बोलता ते म्हणाले, मुलासाठी स्थळं बघतोय. सरांना माझी लग्नाची पुतणी आठवली.

"अहो, त्यांची आमची ओळखही नाही!"

"आज नाही, मॅडम. उद्याचं कोणी सांगावं?" आणि लगेच, आवाज खाली आणून, "झिलगो बरो आसा हां. पेपराचा निस्तारला काय पत्तो देतंय."

मुलाखत जवळ येत चालली होती. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. सर डाळ-भात खातच होते.

शेवटी त्यांनी ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या एक संशोधक बाई शोधल्या. आधी त्यांना विचारून घेतलं की आपल्या घरातलं कोणी कोकणात दिलेलं आहे का. त्यांनी कळवलं, मी कोकण पाहिलेलंही नाही. मग पेपर गेला. बाईंचा अभिप्राय चांगला होता, फक्त शेवटी एक प्रश्न होता. पहिल्या वर्षीची मोजमापं सगळ्या वारांची आहेत, दुसऱ्या वर्षीची फक्त रविवारची. तुमच्याकडे रविवारी काय असतं?

रविवारी काय असतं! पहिल्या वर्षी मी रजेवर होते, जमेल त्या दिवशी खाडीत जायचे. दुसऱ्या वर्षी कॉलेज सुरू, म्हणून सुट्टीच्या दिवशी. आणि रविवारच्या जेवणासाठी बायका शनिवारीच तिसऱ्या उकरून काढतात. मी स्वतः वर्षभर शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडून तिसऱ्या विकत घेत होते आणि रविवारी सकाळी त्याच चिखलात जाऊन त्या कमी का झाल्या म्हणून मोजत होते. माझा घसरलेला आकडा मीच एकशिपीचं कालवण करून खाल्ला होता.

सरांच्याही हे लक्षात आलं नव्हतं. पेपर नसेल तेव्हा तेही रविवारी तेच जेवायचे. ज्याच्या घरी रविवारी तिसऱ्या शिजतात, त्याला हा प्रश्न पडत नाही. त्यासाठी कोकण न पाहिलेली बाईच लागते. त्या दिवसापासून मी सरांशी पुन्हा बोलायला लागले.

इकडे वेबसाइटवाल्याचा धीर संपला. त्याने सरांना काढून टाकलं. त्यांच्या फोटोच्या जागी एक हसरे परदेशी गृहस्थ आले, खाली नाव मात्र काही दिवस सरांचंच राहिलं. आणि अडकलेले सगळे पेपर त्याने एका दमात छापले. माझाही, चुकीसकट. मी तो काढायला सांगितला. उत्तर आलं, काढण्याचे पैसे छापण्यापेक्षा जास्त पडतील.

म्हणजे मुलाखतीच्या तोंडावर माझ्या हातात छापील पेपर होता. मी सरांकडे गेले.

"काय करू?"

"आता मी संपादक नाय. माका अधिकार नाय."

"मग माणूस म्हणून सांगा."

"माणूस म्हणान माका तुझी पदोन्नती व्हयी आसा," ते म्हणाले आणि आत निघून गेले. याचा मला काहीही उपयोग झाला नाही.

निवड समितीच्या अध्यक्षांनी पेपर उलटून पाहिला. "तिसऱ्या निम्म्यावर आल्या. छान."

"तो निष्कर्ष चुकीच्या मोजणीवर आहे."

"पण छापून आलाय."

"छापून आलाय, पण चुकीचा आहे."

"मॅडम, आमच्याकडे छापलंय का, एवढंच बघतात. बरोबर की चूक, याला रकाना नाही."

"मग हा धरू नका."

एका सदस्याने दुसऱ्याला हळूच विचारलं, बाईंना बरं नाही का. जागा रसायनशास्त्रातल्या सहकाऱ्याला गेली. त्याचा पेपर त्याच वेबसाइटवर होता. समीक्षकांना तो अतिशय सुंदर वाटला होता.

मी सरांना फोन करून सांगितलं, गेली. त्यांनी सांत्वन वगैरे केलं नाही. म्हणाले, "सोमवारी ओहोटी बरी आसा. येतंस?"

पुढची दोन वर्षं आम्ही सगळ्या वारांना मोजलं. पहिलं वर्षभर सर पॅन्ट दुमडून माझ्याबरोबर चिखलात असायचे. मग निवृत्त झाले, गुडघे गेले, आणि लेक त्यांना नाशिकला घेऊन गेली. सगळे आकडे मांडून झाले त्या दिवशी मी त्यांना फोन केला.

"सर, एवढं सगळं करून उत्तर तेच. तिसऱ्या खरंच निम्म्यावर आल्यात. मग आपण हे केलं कशाला?"

सरांनी सगळे आकडे मला पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावले. मग म्हणाले, "तेव्हा तू नुसतां म्हणत होतंस, गो. आता म्हायत आसा."

त्यानंतर काही आठवड्यांनी सर गेले. तो पेपर पुढे एका चांगल्या पत्रिकेत छापून आला, आणि पदोन्नतीही उशिरा का होईना झाली. आता मालवणात कोणी विचारलं, बाई, तिसऱ्या खरंच कमी झाल्या का, तर मी 'हो' म्हणते आणि थांबते. पुढे 'असं वाटतं' जोडावं लागत नाही.